उपविभागातले संगणक भाड्याने घ्यायचे? आधी रजिस्टर उघडा

साहेब एक जुनी फाइल टेबलावर सरकवतात आणि म्हणतात, “यंदा कॉम्प्युटर लीजवर घ्यायचेत, जरा बघून घ्या.” वीज वितरणाच्या ग्रामीण विभागात आयटीचे काम बहुतेकांच्या गळ्यात असेच पडते. कुणी कनिष्ठ अभियंता असतो, कुणी लेखा शाखेतला. संगणक ‘जमतो’ एवढाच त्याचा गुन्हा. माझेही तसेच झाले. पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्यातल्या एका विभागात मी लागोपाठ दोन करार सांभाळले. पहिल्यात ठेचा खाल्ल्या, दुसऱ्यात त्या टाळल्या. हे टिपण नव्याने त्या खुर्चीत बसणाऱ्यासाठी आहे. पाणीपुरवठ्यासारख्या दुसऱ्या सेवेत असाल तर पदांची नावे बदलून वाचा.

लीजमध्ये घडते ते असे: एक कंपनी संगणक विकत घेते आणि ठरलेल्या मुदतीसाठी, बहुधा ३६ महिन्यांसाठी, तुम्हाला वापरायला देते. तुम्ही दर तिमाहीला भाडे भरता. मुदत संपली की वस्तू परत. मक्त्याने केलेल्या वावरासारखेच हे: पीक तुमचे, वावर मालकाचे, आणि मुदत सरली की धुऱ्यावरच्या झाडांसकट मोकळे करून द्यायचे. शेती करणाऱ्या माणसाला हे समजावावे लागत नाही. पण तोच माणूस ऑफिसच्या खुर्चीत बसला की तीन वर्षे समोर असलेला संगणक त्याला आपला वाटू लागतो. भाडेतत्त्वावरच्या कामातले निम्मे नुकसान एवढ्याने होते.

पायरी १: आहे ते मोजा

कोटेशन मागवण्याआधी डेड स्टॉक रजिस्टर (कार्यालयातल्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही) काढा आणि त्याच्यावर विश्वास ठेवू नका. गाडी मागा आणि फिरा: विभाग, उपविभाग, शाखा कार्यालये, ३३ केव्ही उपकेंद्रे, भांडार. मला चार दिवस लागले. रजिस्टरमध्ये ८८ संगणक होते, चालू हालतीत ६१ सापडले. एका उपविभागात मी एका सीपीयूची चौकशी केली तर शिपाईदादा शांतपणे म्हणाले, “साहेब, थो त पोयाच्या आंधीच शाखेत नेला.” शाखेत गेलो तर तिथून तो उपकेंद्रात गेलेला. तिथे ऑपरेटर त्याच्यावर लॉगशीट टाइप करत होता आणि त्याचा मॉनिटर तिसऱ्याच ऑफिसचा होता.

वहीत रकाने आखा: सिरियल नंबर, ठिकाण, वापरणाऱ्याचे पद, प्रोसेसरची पिढी, रॅम, हार्ड डिस्क की एसएसडी, वॉरंटी कधी संपली. सिरियल नंबर स्टिकरवरून घेऊ नका, यंत्र चालू करून बायोसमधून, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावरून, घ्या. आपल्याकडे कूलरच्या ओलाव्याने स्टिकरची अक्षरे उडतात.

प्रोसेसरच्या पिढीचा रकाना हौसेखातर नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे २०१७ च्या आसपास घेतलेले बरेचसे संगणक चालतात, पण सुरक्षित राहत नाहीत. ‘चालते आहे ना, मग कशाला बदलता?’ हा प्रश्न मंजुरीच्या टिपणीवर हमखास येतो. त्याचे उत्तर या एका रकान्यात असते.

पायरी २: माणसे मोजू नका, कामे मोजा

‘कर्मचारी ९०, म्हणून संगणक ९०’ अशी मागणी वर गेली की ती निम्म्यावर कापली जाते, आणि कापणाऱ्याला नेमके काय कापावे हे माहीत नसते. त्यापेक्षा टेबलावरचे काम लिहा. बिलिंग, रोखपाल खिडकी, नवीन जोडणी, थकबाकीची यादी, ऊर्जा लेखापरीक्षण, नकाशे. रोखपालाच्या खिडकीवरचा संगणक बंद पडला तर बाहेर रांग ताटकळते. लेखा शाखेतला एक बंद पडला तर शेजारच्यावर काम होते. तसे प्रत्येक टेबलापुढे ‘थांबले तर किती तास चालेल’ हे लिहा. पुढे राखीव यंत्रे किती मागायची, हे त्यावरून निघते.

केंद्राची २०२१ ची सुधारित वितरण क्षेत्र योजना आणि तिच्यातले स्मार्ट मीटर यांमुळे कामाचा भार मीटर वाचणाऱ्याकडून पडद्याकडे सरकतो आहे. तीन वर्षांनंतरचे काम आजच्यासारखेच असेल असे धरून मोजणी करू नका.

डेस्कटॉप की लॅपटॉप? शाखा कार्यालयाला लॅपटॉप द्या, हे माझे ठाम मत आहे. वीज कंपनीच्याच शाखेत दुपारी लाइट जातो, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि तिथल्या यूपीएसची बॅटरी बहुधा मेलेली असते. लॅपटॉपच्या पोटात स्वतःची बॅटरी आहे. तो हरवण्याची भीती खरी आहे, पण त्याला इलाज आहे. लाइट जाण्याला नाही. खिडक्यांवर आणि बिलिंगला मात्र डेस्कटॉपच.

पायरी ३: विकत की भाड्याने, हा हिशेब स्वतः करा

लीज कंपन्या दर सांगतात तो ‘दर हजारी दर तिमाही’ असा, म्हणजे किमतीच्या दर हजार रुपयांमागे तिमाहीला इतके. समजा संगणकाची किंमत ५०,००० रुपये आणि दर ८५ रुपये. तिमाही भाडे झाले ८५ गुणिले ५०, म्हणजे ४,२५० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ५,०१५. बारा तिमाह्यांचे ६०,१८०. विकत घेतला तर जीएसटीसह ५९,०००.

इथे नवखा माणूस म्हणतो, ‘लीज महाग, हजार रुपये जास्त देऊन वरून वस्तूही परत.’ थांबा. पैसा तीन वर्षांत विभागून जातो. व्याज १० टक्के धरले आणि भाडे तिमाहीच्या सुरुवातीला दिले, तर त्या ६०,१८० चे आजचे मोल ५२,७०० च्या आसपास येते. लीजवाला माणूस तुम्हाला एवढेच दाखवतो आणि चहा पितो.

आता तुमच्या बाजूचा हिशेब. विकत घेतलेला संगणक तीनच वर्षे वापरून भंगारात काढला, तर वर्षाला १९,६६७ रुपये पडतात आणि लीजचे २०,०६०, जवळजवळ बरोबरी. पण तोच पाच वर्षे वापरला तर वर्षाला ११,८०० आणि वरून थोडी दुरुस्ती. म्हणून खरा प्रश्न असा, की तुमचे कार्यालय तीन वर्षांनी संगणक बदलते का? पहिल्या पायरीतली वही उघडा. तुमच्याकडे नऊ-नऊ वर्षांचे संगणक घासत असतील आणि त्यामुळेच कामे अडत असतील, तर लीजची सक्ती तुमच्या फायद्याची आहे, कारण ती बदलायलाच लावते. पण पाच वर्षांनी नेमाने बदलण्याची शिस्त असेल तर विकत घ्या.

जीएसटीबद्दल एक गोष्ट बाहेरच्या सल्लागारांना नेहमी सांगावी लागते. खासगी कारखाना भाड्यावरचा जीएसटी आपल्या करातून वळता करून घेतो. वीजपुरवठा करमुक्त असल्याने वितरण कंपनीला तो परतावा मिळत नाही. तो १८ टक्क्यांचा भार सरळ खर्च आहे, त्यामुळे तुलना नेहमी जीएसटीसह करा.

दुसरी गोष्ट फक्त आपल्या धंद्यातली. वीज कंपनी आपला दर स्वतः ठरवत नाही, तो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो. विकत घेतलेली वस्तू भांडवली खर्चात धरली जाते आणि तिचा घसारा, कर्जाचे व्याज, भांडवलावरचा परतावा दरातून वसूल होतो. भाडे जाते प्रशासकीय व सामान्य खर्चात, आणि तो खर्च आयोग ठरीव निकषाने मंजूर करतो. म्हणून वरचे लेखा अधिकारी लीज म्हटले की कपाळाला आठ्या घालतात. त्यांचा तुमच्याशी काही वैरभाव नसतो. त्यांच्या रकान्यातली जागा कमी असते. एवढे लक्षात ठेवून टिपणी लिहिली तर ती परत येत नाही.

हिशेबातल्या आयुष्याचीही गंमत आहे. कंपनी कायदा २०१३ च्या अनुसूची दोन प्रमाणे डेस्कटॉप-लॅपटॉपचे आयुष्य तीन वर्षे आणि सर्व्हर-नेटवर्कचे सहा. केंद्रीय विद्युत नियामक आयोगाच्या घसाऱ्याच्या तक्त्यात मात्र माहिती तंत्रज्ञानाच्या सामानाला वर्षाला १५ टक्के आहेत, म्हणजे सात वर्षांना थोडे कमी. लीजचे नोंदीकरण १ एप्रिल २०१९ पासून इंड एएस ११६ या भारतीय लेखा मानकाप्रमाणे होते. त्यात कमी किमतीच्या वस्तूंना सूट आहे आणि टेबलावरचे संगणक सहसा तिच्यात बसतात. भाडे सरळ खर्चात टाकता येते. लेखापरीक्षकाने विचारले तर हे वाक्य तोंडपाठ असू द्या.

पायरी ४: काय लीजमध्ये घालू नये

यूपीएस घालू नका. त्याचा जीव बॅटरीत असतो, आणि शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशांना साधारण निम्मे होते. ब्रह्मपुरी, चंद्रपूर, अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो. तीन वर्षे भाडे भरायचे त्यातली दीड वर्षे मेलेल्या बॅटरीसाठी, हा आतबट्ट्याचा व्यवहार. यूपीएस विकत घ्या, बॅटरीचा वेगळा दर करार करा. प्रिंटरला पानामागे दर लावणारा ठेका परवडतो. नेटवर्कचे स्विच विकतच.

पायरी ५: स्पेसिफिकेशन

प्रोसेसर-रॅमबद्दल मुख्यालयाचा नमुना असतो, तो घ्या आणि पुढे जा. तुम्ही डोके घालायचे ते इथल्या हवेत. बहुतेक डेस्कटॉप ३५ अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात. आपल्याकडे मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत दुपारी ३५ हा आकडा गारठ्याचा म्हणावा. त्यामुळे ऑफिसात कूलर असतो आणि त्याची ओली हवा नेमकी सीपीयूच्या पाठीत घुसते. वर जिनिंगच्या हंगामात कापसाची तुसे. पंख्यावर ओला नमदा तयार होतो. कूलरची दिशा बदला, सीपीयू जमिनीवरून उचला, आणि दर तिमाहीला एकदा धूळ उडवून देण्याची अट करारातच घाला.

यंत्रे यायच्या आधी अर्थिंग तपासून घ्या. वायरमन आपलेच आहेत. न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज दोन-तीन व्होल्टच्या वर दिसला तर आधी तो खाली आणा. दोन इमारतींमध्ये तांब्याची लॅन केबल उघड्यावरून टाकली असेल तर ती काढून फायबर टाका. मृगाच्या पहिल्या विजेला आमचे पाच पोर्ट त्याच केबलमधून गेले होते, आणि विजेने झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही.

पायरी ६: करार वाचा, मग पुन्हा वाचा

करार चाळीस पानांचा असतो. तुम्ही पाच जागा शोधा.

पहिली जागा भाडे सुरू होण्याची तारीख. बऱ्याच मसुद्यांत मुदत ‘पुढच्या तिमाहीच्या पहिल्या दिवसापासून’ असते आणि डिलिव्हरीपासून तोवरच्या दिवसांचे वेगळे अंतरिम भाडे. म्हणजे यंत्रे ५ जानेवारीला आली तर ३१ मार्चपर्यंत ८६ दिवसांचे भाडे वेगळे, आणि १ एप्रिलपासून बारा तिमाह्या नव्याने मोजायच्या. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तशी ही तेरावी तिमाही. आमच्या ७४ यंत्रांवर ती तीन लाखांच्या आसपास गेली असती, जीएसटी वेगळा. लेखापालांच्या नजरेला पडली म्हणून वाचली. मुदत स्वीकृती प्रमाणपत्राच्या तारखेपासून धरा आणि अंतरिम भाडे काढून टाका.

दुसरी, आपोआप मुदतवाढ. ‘९० दिवस आधी लेखी सूचना न दिल्यास करार त्याच भाड्याने पुढे चालू राहील.’ ती सूचना द्यायची तारीख आजच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. तीन वर्षांनंतरचे कॅलेंडर अजून छापलेले नसते, म्हणून मी ती फाइलच्या पुठ्ठ्यावर लाल शाईने लिहिली, आणि बदली झालेल्या माणसाच्या चार्ज रिपोर्टमध्येही. तुमची बदली होणारच आहे.

तिसरी, दुरुस्तीची वेळ. ‘दुसऱ्या कामाच्या दिवशी इंजिनीअर’ हे नागपूरच्या धंतोलीत बसून लिहिलेले वाक्य आहे. ऑगस्टमध्ये पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की गडचिरोलीतल्या भामरागडला कुणीच पोचत नाही. धारणी-चिखलदऱ्याच्या घाटातही तसेच. अशा ठिकाणी दंडाच्या कलमाने काही साधत नाही. दंड वसूल होतो, काम होत नाही. त्याऐवजी एकूण यंत्रांच्या पाच टक्के राखीव यंत्रे विभागात ठेवायची आणि दुर्गम उपविभागात निदान एक जागेवर, अशी मागणी करा. दुसऱ्या करारात आम्ही चार मागितली, थोडी घासाघीस करून मिळाली, आणि पावसाळाभर फोन करायची वेळ आली नाही.

चौथी, हार्ड डिस्क. त्यावर ग्राहकांची नावे, पत्ते, मोबाइल नंबर, कागदपत्रे असतात. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे आणि वीज क्षेत्रासाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे २०२१ पासून आहेत. परत करताना डिस्क आम्ही काढून ठेवू, आणि तिची किंमत आजच इतकी ठरली, असे निविदेतच लिहा. नंतर विचारले तर सोन्याचा भाव सांगतात. डिस्क परत द्यायचीच असेल तर नुसते फॉरमॅट पुरत नाही. एसएसडीला तिच्या कंपनीचे सुरक्षित पुसण्याचे साधन वापरा आणि तसे प्रमाणपत्र फाइलला लावा.

पाचवी, हरवलेल्या वस्तूची किंमत. आमच्या पहिल्या करारात ‘बाजारभावाप्रमाणे’ असा शब्द होता. बाजार कुणाचा, हे नव्हते. मूळ किमतीच्या टक्क्यांत आकडा लिहून घ्या, दर वर्षाला उतरता. कीबोर्ड, माउस, चार्जर यांचाही.

विम्याचे लगे हात पाहा: तो बहुधा तुमच्याच माथी असतो. इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा विमा घ्या, साधा आगीचा नको.

पायरी ७: यंत्रे आली

मार्च एंडला डिलिव्हरी घेऊ नका. त्या महिन्यात सगळे वसुलीवर असतात आणि खोकी जिन्याखाली राहतात. दिवाळी ते संक्रांत हा चांगला काळ.

खोके फोडा, चालू करा, बायोसमधला सिरियल नंबर चलानाशी जुळवा, मगच स्वीकृतीवर सही. ‘खोकी ७४ मिळाली’ अशी सही भांडारपालाने केली तरी चालते, ‘संगणक चालू स्थितीत मिळाले’ अशी मात्र नाही. हे दोन वेगळे कागद ठेवा.

आता एक खास सावधगिरी. भाड्याच्या वस्तू ओळखू याव्यात म्हणून मी पहिल्या वेळी खांबांना नंबर टाकायचा स्टेन्सिल आणि पिवळा रंग वापरला. दिसायला झकास. परत करताना कंपनीने प्रत्येक सीपीयूवर रंग लागल्याचे नुकसान लावले. निघणारे लेबल चिकटवा, त्यावर ‘भाड्याची वस्तू’ आणि परतीची तारीख.

मग हलवणीची वही. कुठलेही यंत्र एका खोलीतून दुसरीत जरी गेले तरी एक ओळ. वही उपविभागाच्या लिपिकाकडे, आणि दर तिमाहीचे भाड्याचे बिल पास करताना त्या वहीची झेरॉक्स जोडल्याशिवाय बिल पुढे जाणार नाही, असा आदेश उपकार्यकारी अभियंत्यांच्या सहीने काढून घ्या. बिलाला बांधली तरच वही भरते.

बिलातून दोन कपाती विसरू नका: यंत्राच्या भाड्यावर आयकराचा टीडीएस २ टक्के, आणि करार अडीच लाखांच्या वर असेल तर जीएसटीचा टीडीएस २ टक्के. दोन्ही वेगळ्या आहेत. लीज कंपनीचे लेखापाल दोन्हींबद्दल फोन करतील, शांतपणे उत्तर द्या.

पायरी ८: परत करण्याचा दिवस

हा दिवस करारातला सर्वांत महाग दिवस असू शकतो. सहा महिने आधी पुन्हा गाडी मागा आणि पुन्हा फिरा. आमच्या पहिल्या करारात ७४ पैकी ७१ सापडले. एक उपकेंद्राच्या बॅटरी रूममध्ये, आम्लाच्या वाफेने पत्रा खाल्लेला. दोन शेवटपर्यंत मिळाले नाहीत. सापडलेल्यांपैकी अकरांची रॅम कमी भरली. कुणीतरी जुन्या संगणकात घालून ते ‘वाढवले’ होते. चोरी नव्हती ती, काटकसर होती. दंड तेवढाच बसला.

नवी यंत्रे येऊन महिनाभर चालल्याशिवाय जुनी हलवू नका. जुना आणि नवा करार तेवढा एक महिना एकाच वेळी चालू ठेवा, त्याचे भाडे वाया जात नाही. प्रत्येक ठिकाणाहून यंत्र उचलताना तिथेच यादी, तिथेच फोटो, तिथेच कंपनीच्या माणसाची सही. सगळी यंत्रे विभागात गोळा करून एकदम दिली तर वाटेत तुटलेले कुणाचे, हे कधीच ठरत नाही. तुमच्या मालकीचे जुने सामान त्याच ट्रकमध्ये ‘जाता जाता’ टाकू नका. त्याला निर्लेखनाची, म्हणजे रजिस्टरमधून कमी करण्याची, मंजुरी लागते, आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे ते नोंदणीकृत पुनर्चक्रणवाल्याकडेच जायला हवे. गावातल्या भंगारवाल्याला किलोवर दिले तर नंतर उत्तर तुम्हालाच द्यावे लागेल.

ट्रक गेला की कंपनीकडून लेखी पत्र घ्या: सर्व यंत्रे मिळाली, देणे नाही, करार अमुक तारखेला संपला. सुरक्षा ठेवीचा हिशेब त्याच पत्रात. त्याची एक प्रत लेखा शाखेत हातोहात द्या आणि पोच घ्या. नाहीतर पुढच्या तिमाहीचे बिल येते आणि सवयीने पास होते. आमचे दोनदा झाले.